दीर्घायुष्याचें मोल

वडील माणसांस नमस्कार केला असतां त्यांच्या मुखांतून जो पहिला शब्द बाहेर पडतो तो धनाचा नसतो, विद्येचाही नसतो. तो आयुष्याचा असतो. 'आयुष्मान् भव', 'औक्षवंत हो' हे आशीर्वाद आपल्या घरोघरीं इतके रुळले आहेत कीं, त्यांच्या अर्थाकडे कोणाचें लक्षही जात नाहीं. माझें लक्ष तिकडे वेधलें तें आमच्या आत्याबाईंमुळें. त्यांना नव्वदावें वर्ष लागलें, त्या दिवशीं नातवंडांनीं भोंवतीं जमून 'आतां शंभरी गांठायची' असा आग्रह धरला. अंथरुणाला खिळून त्यांना तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं. त्या म्हणाल्या, "दहा वर्षें तुम्हीच वाटून घ्या रे, आणि मला माझे दोन पाय तेवढे परत द्या." मुलें हंसलीं, मला मात्र हंसूं आलें नाहीं.

आत्याबाईंचें हें मागणें आज शास्त्रज्ञांनीं गंभीरपणें हातीं घेतलें आहे. केवळ वर्षें वाढविणें हा त्यांचा उद्देश नव्हे. धडधाकट वर्षें वाढावीं, हा आहे. या शोधांत ज्या औषधाचा आज सर्वांत अधिक बोलबाला आहे, त्याची कथा मनोरंजक आहे. इ. स. १९६४ मध्यें कॅनडांतील वैद्यांची एक तुकडी पॅसिफिक महासागरांतील ईस्टर बेटावर गेली व तेथील मातीचे नमुने घेऊन आली. त्या मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून मॉन्ट्रियल येथील प्रयोगशाळेंत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एक द्रव्य वेगळें काढलें. बेटाच्या 'रापा नुई' या मूळ नांवावरून त्याला 'रॅपामायसिन' हें नांव मिळालें. पुढें कंपनीनें तें काम बंद केलें, तेव्हां सेहगलांनीं त्या जंतूचे नमुने आपल्या घरच्या शीतकपाटांत जपून ठेवले. अखेर १९९९ मध्यें, दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलेल्या रोग्याच्या शरीरानें तें नाकारूं नये, यासाठीं हें औषध अमेरिकेंत मान्य झालें. आणि २००९ मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, सहाशें दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबानें सुमारें साठीच्या, उंदरांना तें चारलें असतां त्यांची आयुर्मर्यादा नरांत शेंकडा ९ व माद्यांत शेंकडा १४ इतकी वाढली.

माणसाचें आयुष्य यानें वाढतें, असें मात्र अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. शरीराची रोगप्रतिकारशक्ति दडपणें हा तर या औषधाचा मूळ धर्म. तेव्हां तें कोणीं आपल्या मनानें घ्यावें, असें मुळींच नाहीं. तथापि शास्त्राची वाट दिसूं लागली आहे, आणि म्हणूनच 'हें इच्छावें काय?' हा प्रश्न आजच विचारणें प्राप्त आहे.

'हें निसर्गाविरुद्ध आहे' असा पहिला आक्षेप येतो. तो फारसा टिकत नाहीं. देश स्वतंत्र झाला तेव्हां येथील सरासरी आयुर्मान सुमारें बत्तीस वर्षांचें होतें. आज तें सत्तरीच्या आसपास आहे. देवीची लस आणि स्वच्छ पाणी हींही एका अर्थानें निसर्गाविरुद्धच होतीं. 'आयुष्य थोडें असलें तरी थोर असावें' हा दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे. आगरकर १८९५ मध्यें चाळिशीही न गांठतां गेले, आणि तरीही त्यांचें जीवित अपुरें होतें असें कोण म्हणेल? पण त्यांचेच स्नेही अण्णासाहेब कर्वे १०४ वर्षें जगले, व इतर लोक ज्या वयांत निवृत्तीचा हिशेब मांडतात त्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, १९१६ मध्यें, त्यांनीं महिलांचें विद्यापीठ उभें केलें. आगरकरांना आणखी चाळीस निरोगी वर्षें मिळतीं, तर महाराष्ट्राचा तोटा झाला असता काय?

मग अडचण कोठें आहे? ती ययातीच्या कथेंत आहे. ययातीनें तारुण्य इच्छिलें हा त्याचा खरा दोष नव्हे. तें त्यानें स्वतःच्या मुलाकडून घेतलें, हा दोष होय. आजच्या ययातीला पुरूकडे प्रत्यक्ष याचना करावी लागणार नाहीं. न मागतांच तो घेऊं शकेल. अधिकाराची खुर्ची, संस्थेचें अध्यक्षपद, घराची तिजोरी हीं सर्व ज्याच्या हातीं आहेत, तो नव्वदीपर्यंत तरतरीत राहिला आणि त्यानें कांहींच सोडलें नाहीं, तर साठीचा मुलगाही उमेदवारच राहील. वाढलेल्या वर्षांचें मोल त्याच्याकडून वसूल होईल.

येथें त्या औषधाची करणीच मला मोठी बोधप्रद वाटते. आपल्या पेशींत एक प्रथिन आहे; अन्नाची मुबलकता पाहून तें पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम देत असतें. बाळपणीं हा हुकूम संजीवनीसारखा असतो. उतारवयांत तोच घातक ठरूं लागतो. औषध त्या हुकुमाचा जोर कमी करतें. तेव्हां पेशी नवा विस्तार थांबवून झिजलेला, मोडका ऐवज निकालांत काढते व डागडुजीकडे वळते. म्हणजे येथें आयुष्य वाढतें तें हांव वाढल्यानें नव्हे, आंवरल्यानें. अर्थात् पेशीच्या व्यवहारावरून नीति सिद्ध होत नाहीं. गोळी पेशीचा हव्यास कमी करील, मनाचा करणार नाहीं. तें काम ज्याचें त्यालाच करावें लागेल, आणि आयुष्य जितकें लांबेल तितकें तें अधिक निकडीचें होईल. आपल्या पूर्वजांनीं वानप्रस्थ सांगितला तो बहुतेकांना पन्नाशीही दुर्लभ असतांना. त्याची खरी गरज आतां पडणार आहे.

आत्याबाईंनीं हें शास्त्र वाचलें नव्हतें. पण साठाव्या वर्षीं, अंगांत पुरती ताकद असतांनाच, एका दसऱ्याला त्यांनीं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून थोरल्या सुनेच्या हातीं दिला आणि पुन्हा कधीं कोठीची चौकशी केली नाहीं. पुढें तीस वर्षें त्या त्याच घरांत राहिल्या. त्यांना त्यांचे दोन पाय परत मिळते, तर सर्वांत अधिक आनंद त्या सुनेला झाला असता.