युद्धाचा ज्वर आणि घरातले व्रत



सीमेवर तणाव वाढला की आपल्या घरातही बदल होतो. बातम्या रात्री उशिरापर्यंत सुरू राहतात. मोबाइलवर एकामागून एक चित्रफिती येतात आणि खरे-खोटे न पाहता आपण त्या पुढे पाठवतो. जेवताना आवाज चढतात. जपाला बसले तरी मन बातम्यांकडेच धावते. याला आपण देशप्रेम म्हणतो. पण क्षणभर थांबून स्वतःला विचारू या, हे प्रेम आहे की ज्वर?

गीता शांत आश्रमात नव्हे, तर दोन सैन्यांच्या मधोमध सांगितली गेली. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे अंग गळते, तोंडाला कोरड पडते, गांडीव हातातून निसटू लागते. भगवान त्याला शत्रूचा द्वेष करायला शिकवत नाहीत. तिसऱ्या अध्यायात ते त्याला सर्व कर्मे आपल्याला अर्पण करून, मनातला ताप सोडून लढायला सांगतात. ज्याला प्रत्यक्ष बाण सोडायचा होता, त्याच्यासाठी ही आज्ञा आहे. मग सुरक्षित घरात बसून आपण ताप चढवून घ्यावा, हे कसे शोभेल?

जवानाचा दिवस आपल्याला वाटतो तसा सतत गर्जनेचा नसतो. पहारा देणे, शस्त्र साफ करणे, बर्फ उपसणे, पाणी तापवणे आणि वाट पाहणे, यातच त्याचे बहुतेक तास जातात. पूर्वी घरून आलेले पत्र हाच त्याचा आधार असे. पाकिटावर गावाचे नाव नसायचे, फक्त '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. आपला मुलगा नेमका कुठे आहे हे आईला ठाऊक नसे, तरीही ती लिहीत राहायची. अनेक पलटणींत सर्वधर्मस्थळ असते. तिथे एकाच छपराखाली वेगवेगळ्या धर्मांचे जवान हात जोडतात. ठरलेले काम ठरलेल्या वेळी निमूटपणे करणे, ही त्यांची साधनाच आहे.

आणि घरी राहिलेल्यांची साधना कोणती? १९६५ चे वर्ष आठवा. युद्ध होते आणि धान्याची टंचाईही होती. परदेशातून येणाऱ्या गव्हावर देश अवलंबून होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. पण त्याआधी आपल्याच घरात, मुलाबाळांसह, एक वेळ उपाशी राहून पाहिले. जे स्वतःला झेपले तेच देशाकडे मागितले. कितीतरी घरांत सोमवारी संध्याकाळी चूल पेटली नाही. तिथे देशप्रेम घोषणेपुरते राहिले नाही, ते पोटातून अनुभवले गेले.

१९७१ च्या डिसेंबरात भूजची हवाई धावपट्टी बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली. जवळच्या माधापर गावातील सुमारे ३०० स्त्रिया कामाला आल्या. कुणी मुले शेजारणीकडे सोपवली होती. भोंगा वाजला की त्या झुडपांत लपत आणि धोका टळला की पुन्हा पाट्या उचलत. वरून दिसू नये म्हणून धावपट्टी शेणाने सारवली गेली. पहिल्या दिवशी खायला काही नव्हते, दुसऱ्या दिवशी जवळच्या मंदिरातून फळे आणि मिठाई आली. सुमारे ७२ तासांत धावपट्टी पुन्हा उभी राहिली. जे हात रोज अंगण सारवत होते, त्याच हातांनी देशाचे काम केले. ज्वराने हे होत नाही. ज्वर ओरडतो आणि थकतो. व्रत शांतपणे पुढची पाटी उचलते.

साधकहो, युद्ध थांबते तेव्हा आपली खरी परीक्षा सुरू होते. महाभारतातले सर्वांत मोठे पर्व युद्धाचे नाही, युद्धानंतरचे आहे. त्याचे नाव शांतिपर्व. युधिष्ठिर जिंकला, पण त्याला राज्य नको झाले. आप्तांच्या मृत्यूचे दुःख त्याला सोडेना. तेव्हा व्यास, श्रीकृष्ण, भाऊ आणि द्रौपदी त्याच्याजवळ बसले, बोलले आणि शेवटी त्याला शरशय्येवरच्या भीष्मांकडे घेऊन गेले. विजेत्यालाही सांत्वन लागते, हे आपल्या ग्रंथाने लपवले नाही.

आपल्या गल्लीत सुट्टीवर आलेला किंवा निवृत्त झालेला जवान असेल. दिवाळीच्या फटाक्याने तो दचकत असेल, रात्री त्याला झोप येत नसेल. त्याला "किती शत्रू मारले?" असे विचारू नका. चहाला बोलवा, शेजारी बसा. तो बोलला तर ऐका, गप्प राहिला तर त्या मौनाचाही मान राखा. त्रास वाढत असेल तर डॉक्टरांकडे जाताना सोबत करा. आणि वीरपत्नीच्या, वीरमातेच्या दारी फक्त तेराव्या दिवसापर्यंतच जाऊ नका. तेव्हा गर्दी असते. कागदपत्रांच्या फेऱ्या, मुलांच्या शाळा, सणाच्या दिवशीचे रिकामे पान, हे सगळे नंतर येते.

या आठवड्यापासून तीन छोटे संकल्प करू या. पहिला, युद्धाची कोणतीही बातमी खात्री केल्याशिवाय पुढे पाठवायची नाही आणि झोपण्यापूर्वीचा अर्धा तास बातम्यांऐवजी नामस्मरणाला द्यायचा. दुसरा, आठवड्यातून एक वेळचे अन्न किंवा एखादा खर्च सोडून ती रक्कम बाजूला ठेवायची. १९४९ पासून ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो, त्या निधीत ती देता येईल. तिसरा, एका सैनिक कुटुंबाशी नाते जोडायचे आणि शांततेच्या काळातही ते टिकवायचे.

रोजच्या प्रार्थनेत सीमेवर जागणाऱ्यांना आठवा, आणि दोन्ही बाजूंना वाट पाहत बसलेल्या मातांनाही. आपल्या मनातला ज्वर उतरो आणि हाती घेतलेले व्रत टिको, हीच प्रभुचरणी प्रार्थना.

हरि ॐ.