सुंठ आणि सुई

अजीर्ण झाले असता वसईजवळच्या कळंबसारख्या समुद्रकाठच्या गावी आजी सुंठ उगाळून देते. चिनी वैद्य आले देतो, शिवाय गुडघ्याखाली चार बोटांवर सुई टोचतो. आजीवर आपण श्रद्धा ठेवतो, चिनी वैद्यास हसतो. हा विवेक, की नुसता आप्तभाव? सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढे सूचिचिकित्सा शिकले व कलकत्त्यास ती करू लागले. पाश्चात्त्य विद्येत मुरलेल्या डॉक्टराने परक्या वैद्याचे शिष्यत्व पत्करावे, यात मला खरी विद्वत्ता दिसते.

मात्र उतार पडला म्हणजे उपपत्ती खरी ठरली, असे नव्हे. पचनाचा दोष प्लीहेच्या माथी मारणारा चिनी वैद्य आणि वाताच्या माथी मारणारे आमचे वैद्यबुवा या बाबतीत सख्खे भाऊ! ज्याचे वजन घटत आहे, शौचास काळे होत आहे, अशा रोग्याला तपासणीस न धाडता केवळ स्वस्थ निजविणे ही दया नव्हे, विश्वासघात होय. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतील बिंदूचा उपयोग होतो, हे रीतसर चाचण्यांत दिसले आहे. तेवढे आजीलाही सांगावयास हरकत नाही. ती अर्थात सुंठच उगाळील.