कीर्ती आणि नोंद

आपल्याकडे माणसाची ओळख करून देताना त्याच्या कामाआधी कामाच्या जागेचे नाव सांगण्याची रीत आहे. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा काय करतो?’ असा प्रश्न निघाला, की बाप उपरणे सावरीत म्हणतो, ‘अमेरिकेत आहे, अमक्या विद्यापीठात.’ तो तिथे नेमके काय करतो, हे बहुधा बापाला ठाऊक नसते आणि विचारणाऱ्यालाही ते जाणून घ्यायचे नसते. विद्यापीठाच्या नावावर दोघांचेही भागते. पूर्वी ‘अमक्या संस्थानिकाच्या पदरी आहे’ एवढे सांगितले म्हणजे पुरत असे, त्यातलाच हा प्रकार. संस्थाने गेली, पदर मात्र राहिले.

मी एकलहऱ्याचा. नाशिकरोडपासून जवळच, गोदावरीकाठचे हे गाव. इथे औष्णिक वीज केंद्र आहे आणि त्याच्या चिमण्यांवरूनच परका माणूस आमचे गाव ओळखतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार-दोन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. पोट चालते ते मास्तरकीवर. अशा माणसाने जगातल्या मोठ्या विद्यापीठांतील कामाविषयी लिहावे, हा आगाऊपणा वाटेल. परंतु त्या विद्यापीठांत जाणारी मुले आधी आमच्या बाकांवर बसलेली असतात आणि तिथे त्यांना पडलेला एखादा प्रश्न कधी कधी पत्रातून आमच्याकडे परत येतो.

असे एक पत्र मला आले. लिहिणारा माझ्या हाताखालून गेलेला. वडील वीज केंद्रात कोळशाच्या विभागात कामाला होते. मुलगा शिष्यवृत्त्या मिळवीत परदेशातल्या एका ख्यातनाम विद्यापीठात पोहोचला. तिथे दोन वर्षे खपून त्याने काही प्रयोग केले. त्यांवरचा निबंध छापून आला तेव्हा लेखकांत त्याचे नाव नव्हते. शेवटी आभारांच्या ओळीत होते. त्याने लिहिले होते, ‘सर, नावासाठी भांडणे हा हलकेपणा का? आणि भांडलो व इथली जागा गेली, तर गावात तोंड कसे दाखवू?’

हे दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला नीतीचा, दुसरा भीतीचा. आधी पहिला घेतो.

आपल्या मनाला नावाचा मोह कमीपणाचा वाटतो. काम करावे, फळाकडे पाहू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. लेणी कोणी कोरली हे आपण विचारीत नाही, ओव्या कोणी रचल्या हे जात्यावरच्या बाईने कधी सांगितले नाही. ही परंपरा थोर आहे, यात शंका नाही. परंतु एक गोष्ट माझ्या नजरेत भरली आहे. निरपेक्षतेचा उपदेश करणाऱ्याचे स्वतःचे नाव पुष्कळदा ठळक टाइपात छापलेले असते आणि उपदेश ऐकणाऱ्याचे कुठेच नसते. दुसऱ्याने निष्काम व्हावे अशी इच्छा धरणे, हीदेखील एक कामनाच आहे!

या प्रश्नाचा विचार करताना मला धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यातल्या सांखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस. शाळेतले शिक्षण यथातथाच. बुद्धाविषयी वाचून मनाने असा ध्यास घेतला, की १८९९ मध्ये बायको-मुलीला मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुण्यास संस्कृत, मग काशीला अन्नछत्रात जेवून पुन्हा संस्कृत, पुढे नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश. बाळाबाईंनी त्या वर्षांत काय सोसले असेल, याचा विचार केल्याखेरीज या विद्येचा हिशेब पुरा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पाली भाषेत पारंगत होऊन ते परतले आणि कलकत्त्यास शिकवू लागले. तिथे महिना अडीचशे रुपये मिळत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी, महाराष्ट्रात कुठेही राहा आणि ग्रंथ लिहा, महिना ५० रुपये देतो, असे म्हटले. धर्मानंदांनी २५० सोडून ५० पत्करले. आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत लिहायचे, हा त्यांचा हेतू.

अशा माणसाला १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. काम होते बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे. ते हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने हाती घेतले होते. लहानपणी पडल्यामुळे वॉरन यांचा कणा कायमचा दुखावला होता; तशा शरीराने ते पोथ्या ताडून पाहत बसत. १८९९ मध्ये ते वारले आणि काम अर्धे राहिले. नियतीचा योग असा, की ज्या साली हार्वर्डला ती लेखणी खाली पडली, त्याच साली गोव्यातला एक तरुण ती उचलण्यासाठी, स्वतःला काहीही ठाऊक नसताना, घरातून निघाला होता.

धर्मानंदांनी काम पुढे नेले. परंतु ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर कोणाचे नाव कसे घालायचे, या गोष्टीवरून तिथले प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. लॅनमन यांना आपल्या दिवंगत मित्राचे श्रेय उणे होऊ द्यायचे नव्हते. धर्मानंदांना आपल्या श्रमांची वाजवी नोंद हवी होती. ते १९१२ मध्ये हार्वर्ड सोडून परत आले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले.

अडीचशेवरून पन्नासावर येणारा हा विरक्त मनुष्य! त्याला नावाची हाव होती, असे कोण म्हणेल? पैशाचा मोह ज्याने सहज सोडला, तो नावासाठी अडून बसला, याचा अर्थ काय? मला तो असा दिसतो. कीर्ती वेगळी आणि नोंद वेगळी. कीर्ती म्हणजे लोकांनी आपल्याला मोठे म्हणावे ही इच्छा. नोंद म्हणजे जे घडले ते घडले तसे लिहिले जावे, एवढीच मागणी. कीर्तीचा त्याग करता येतो, कारण ती आपली असते. नोंदीचा त्याग करणे इतके सोपे नाही, कारण तिथे प्रश्न सत्याचा असतो. पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ ही एक साक्ष असते. ती खोटी झाली, तर नुकसान एकट्या लेखकाचे होत नाही. पुढे जो जो ते पुस्तक उघडील, त्याची फसवणूक होते.

आमच्या वीज केंद्राचेच पाहा. दिवाळीत आकाशकंदिलातला दिवा लागतो तेव्हा त्यावर बॉयलरपाशी घाम गाळणाऱ्याचे नाव नसते आणि कोणाला त्याचे वाईटही वाटत नाही. परंतु पाळीच्या नोंदवहीत, त्या रात्री कामावर कोण होते, हे लिहिलेले असते. तिथे एकाच्या जागी दुसऱ्याचे नाव लिहिले, तर तो गुन्हा. दिव्यावर नाव नसले तरी चालेल, वहीत मात्र असलेच पाहिजे. संशोधनाचा निबंध ही विद्येच्या कारखान्यातली पाळीची वहीच आहे.

धर्मानंदांची कथा १९१२ मध्ये संपत नाही. १९१८ मध्ये हार्वर्डने पुन्हा बोलावले आणि ते पुन्हा गेले. त्याच ग्रंथावर बसले. त्यानंतरही त्या कामासाठी त्यांच्या खेपा झाल्या आणि १९३२ च्या सुमारास संपादन पुरे झाले. दरम्यान त्यांनी देवनागरी लिपीतला ‘विसुद्धिमग्ग’ सिद्ध केला. तो १९४० मध्ये मुंबईस भारतीय विद्या भवनाने काढला. १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये. तिच्यावर संपादन वॉरन यांचे व परिशोधन धर्मानंद कोसंबी यांचे, अशी दोन्ही नावे आहेत. ती पाहायला दोघांपैकी एकही नव्हता.

माझ्या विद्यार्थ्याला मी हेच लिहिले. नोंदीबद्दल स्पष्ट बोलावे आणि कामाशी मात्र भांडू नये. धर्मानंद नावावरून रागावले, पण तो राग त्यांनी ग्रंथावर काढला नाही. आपल्यातले बहुतेक जण याच्या उलट वागतात. वरिष्ठांसमोर गप्प बसतात आणि मनातला कडवटपणा कामात उतरू देतात. त्याने तोंडही वाचत नाही आणि कामही वाचत नाही.

यावर कोणी म्हणेल, असल्या मोठ्या घरची चाकरी करावीच कशाला? बडा घर पोकळ वासा! हे म्हणणे सोपे आहे आणि खोटेही आहे. वॉरन गेल्यानंतर एक्कावन्न वर्षांनी त्यांचा ग्रंथ निघतो, हे कोणाच्या बळावर? एका माणसाच्या आयुष्यात न मावणारी कामे जपून ठेवायची शक्ती मोठ्या संस्थेतच असते. तिथले ग्रंथालय, तिथली उपकरणे आणि चूक दाखवणारा शेजारचा विद्वान, या गोष्टी गावच्या पिंपळाखाली मिळत नाहीत. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना हे पक्के माहीत होते. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्या १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांच्या कामाने त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. त्यांनी मिळवली. आतले धन खरे आहे हे ठाऊक असल्यावाचून कोणी उंबऱ्यावर असा हट्ट धरीत नाही.

आणि तरीही उंबऱ्याबाहेर विद्या नाही, असे मात्र समजू नये. त्यासाठी मला दूर जावे लागत नाही. आमच्या शेजारी देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. १९३० ते १९६२ पर्यंत ते शाळेत शिकवीत होते. जवळ बी.एस्सी. पदवी आणि अंकांचे वेड, एवढेच भांडवल. त्यांनी शोधलेली गंमत मुलांना फराळ करता करता करून पाहता येईल. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा १९४७. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून ९७४१, चढत्या क्रमाने १४७९. वजा करा, ८२६२. पुन्हा तसेच: ८६२२ वजा २२६८, ६३५४. मग ३०८७, मग ८३५२ आणि शेवटी ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया करा, पुन्हा ६१७४ च येते! कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही इथेच पोहोचता. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. मोठा गवगवा झाला तो १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिल्यानंतर. त्या संख्येला आज जग कापरेकर स्थिरांक म्हणते. शाळामास्तराचे नाव वहीत लागले. पाठीशी कुठलेही थोर विद्यापीठ नव्हते.

आता दुसरा प्रश्न: ‘गावात तोंड कसे दाखवू?’ पत्रातले हे वाक्य वाचून मला अधिक वाईट वाटले, कारण त्याचे उत्तर त्या विद्यापीठाकडे नाही, आपल्याकडे आहे. मुलगा तिथे गेला तेव्हा आपण शाळेच्या फळ्यावर त्याच्या विद्यापीठाचे नाव लिहिले, त्याचा सत्कार केला, शेजारच्या मुलांना त्याच्या नावाने टोचले. त्यात लबाडी नव्हती, कौतुकच होते. परंतु त्या कौतुकाने त्याच्यासाठी परतीची वाट बंद केली. वरिष्ठांसमोर ‘हे खरे नाही’ असे म्हणायला जे बळ लागते, ते जागा गेली तरी चालेल अशा माणसापाशीच असते. धर्मानंदांपाशी ते होते; ५० रुपयांत राहण्याची त्यांना सवय होती आणि सांखवाळमध्ये कोणी त्यांच्या हार्वर्डवर सोयरीक जुळवीत बसले नव्हते. आमच्या मुलांच्या पायांतली बेडी पुष्कळदा आम्हीच गावाकडून पाठवलेली असते, आणि तिला आम्ही अभिमान असे नाव देतो.

म्हणून या दिवाळीत तुमच्या घरी असा कोणी सुट्टीवर आला असेल, तर चार पाहुण्यांसमोर त्याच्या विद्यापीठाचे नाव घेण्याची घाई करू नका. लाडू पुढे करा आणि विचारा, ‘बाबा रे, तू तिथे रोज करतोस तरी काय?’ तो सांगू लागेल. पहिल्या खेपेस तुम्हाला कळणार नाही. मलाही कळत नाही. पुन्हा विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस थोडेसे कळू लागेल, आणि आपल्या कामाची गोष्ट आईबापांना ठाऊक आहे, पाटी उद्या उतरली तरी तीच गोष्ट त्यांना पुरेशी आहे, हे त्यालाही कळेल.