निःपक्षपात आणि राज्यकर्त्याचा न्याय

राज्यकर्ता निःपक्षपाती असावा, ही अपेक्षा इतकी जुनी आणि सर्वमान्य आहे की तिचा नेमका आशय तपासण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या शपथेचा जो नमुना दिलेला आहे, त्यात भय, ममत्व किंवा आकस यांना थारा न देता सर्व प्रकारच्या लोकांना न्याय देण्याची हमी आहे. मात्र ही शपथ घेणारी व्यक्ती बहुधा एका पक्षाच्या चिन्हावर, विशिष्ट कार्यक्रम मांडून आणि काही समाजगटांच्या भरवशावर निवडून आलेली असते. पक्ष घेऊन सत्तेवर आलेल्याने सत्ता हाती येताच पक्षपात सोडावा, ही मागणी वरवर विसंगत वाटली तरी लोकशाहीला तिच्यावाचून चालत नाही. म्हणूनच निःपक्षपात कोणत्या पातळीवर गुण ठरतो आणि कोणत्या पातळीवर अपुरा पडतो, याचा विचार करावा लागतो.

मराठी मनात निःपक्षपाताचा आदर्श म्हणून रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव कोरलेले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यानंतर रघुनाथराव सत्तेवर आले आणि त्याच रघुनाथरावांना रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले. सत्ताधीशाच्या तोंडावर सत्य सांगणारा हा न्यायाधीश पद सोडून पुण्याबाहेर पडला आणि न्यायनिष्ठेचे प्रतीक बनला. तथापि त्या निवाड्याने रघुनाथराव गादीवरून खाली उतरले नाहीत. त्यासाठी नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांना एकत्र येऊन बारभाईंचे कारस्थान उभारावे लागले, नारायणरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या सवाई माधवरावांना पेशवेपदाची वस्त्रे द्यावी लागली आणि रघुनाथरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतल्यावर १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललेला संघर्ष निभवावा लागला. बारभाई हे काही तटस्थ पुरुष नव्हते. त्यांना स्वतःची महत्त्वाकांक्षा होती आणि आपसांत मत्सरही होता. परंतु न्यायाधीशाने जे योग्य ठरवले, ते राज्याच्या व्यवहारात उतरवण्यासाठी माणसे जोडणारी, वेळ साधणारी आणि बाजू घेणारी शक्ती लागली.

या प्रसंगावरून न्यायाधीशाचा निःपक्षपात आणि राज्यकर्त्याची न्यायबुद्धी यांतील भेद स्पष्ट होतो. न्यायाधीशासमोर नियम आधीच सिद्ध असतो आणि तो कोणाच्याही बाबतीत सारखाच लागू करणे हे त्याचे कर्तव्य असते. याला औपचारिक समता, म्हणजे समोरचा माणूस कोण आहे हे न पाहता सर्वांना एकच माप लावणे, असे म्हणता येईल. राज्यकर्त्यावर याहून अवघड जबाबदारी असते, कारण मुळात नियम कोणता असावा, राज्याचा पैसा कोठे जावा आणि कोणाचे ओझे आधी उतरवावे, हे त्याला ठरवायचे असते. जेथे समाजाची रचनाच पिढ्यान्‌पिढ्या एका बाजूला कललेली आहे, तेथे सर्वांशी सारखे वागणारा राज्यकर्ता प्रत्यक्षात त्या कलण्यालाच संरक्षण देतो. अशा ठिकाणी वास्तविक समतेचा, म्हणजे आरंभीच्या स्थितीतील अंतर लक्षात घेऊन संधी खऱ्या अर्थाने खुली करण्याचा, विचार करणे त्याला भाग पडते.

या जबाबदारीचे ठळक उदाहरण कोल्हापूर संस्थानात आढळते. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्याधिकार हाती घेतला, त्या वेळी दरबारच्या सामान्य प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. कोणत्याही कायद्याने इतरांना मज्जाव केलेला नव्हता. जो शिकलेला असेल त्याने यावे, असाच वरकरणी नियम होता आणि शिक्षण मात्र मोजक्या जातींच्या घरांत साठलेले होते. २६ जुलै १९०२च्या आदेशाने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या काळच्या अनेक सुशिक्षितांना हा उघड पक्षपात वाटला आणि माप सर्वांना एकच असावे, या कसोटीवर तो पक्षपात होताही. पुढे स्वतंत्र भारतात राज्यघटनेच्या १६व्या अनुच्छेदाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये केरळ राज्य विरुद्ध एन. एम. थॉमस या खटल्यात मागासवर्गीयांसाठीच्या तरतुदी हा समतेला केलेला अपवाद नसून समतेचेच एक अंग आहे, अशी भूमिका मांडली. कोल्हापुरात राजाज्ञेने जे घडले होते, त्यामागील तत्त्व अशा रीतीने घटनात्मक विचारात स्थिरावले.

या ठिकाणी एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. दुर्बलांची बाजू घेण्याची मुभा राज्यकर्त्याला दिली, तर आपल्या जातीचे, आपल्या प्रांताचे किंवा आपल्या मतदारांचे हित साधून त्यालाच न्याय म्हणण्याची वाटही त्याला मोकळी होते. शाहू महाराज मराठा होते आणि १९०२च्या आदेशातील मागासलेल्या वर्गांत मराठ्यांचाही समावेश होता, हे विसरून चालणार नाही. मात्र त्यांच्या धोरणाची दिशा स्वजातीपाशी थांबली नाही. मराठा विद्यार्थ्यांबरोबरच जैन, मुसलमान आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना त्यांनी आश्रय दिला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा कायदा केला. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत प्रवेश देण्याचा हुकूम १९१९ मध्ये काढला. आणि १९२० च्या माणगाव परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. अस्पृश्यांना शाळेत आणि सार्वजनिक जीवनात बरोबरीचे स्थान देणे हे सवर्ण प्रजेतील अनेकांना, त्यांत स्वतःच्या जातीतील लोकांनाही, रुचणारे नव्हते. तरीही त्यांनी ते केले, यातच त्यांच्या न्यायबुद्धीचा पुरावा आहे.

यावरून न्याय्य पक्षग्रहण आणि वशिलेबाजी यांना वेगळे करणाऱ्या काही कसोट्या हाती लागतात. पहिली अशी, की सवलत नात्यावर किंवा निष्ठेवर अवलंबून नसावी, तर सर्वांना वाचता येईल अशा नियमाने आणि सांगता येईल अशा कारणाने दिलेली असावी. दुसरी अशी, की धोरण कोणाच्याही बाजूने झुकलेले असले तरी त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा, म्हणजे पोलीस, न्यायालये, निवडणूक आयोग आणि हिशेब तपासणारी खाती, कोणाच्याही बाजूने झुकता कामा नये. तिसरी आणि सर्वांत कठीण कसोटी अशी, की तोच नियम आपल्या माणसांच्या गैरसोयीचा ठरला तरी राज्यकर्त्याने तो पाळावा.

निःपक्षपाती नेता दुबळा ठरतो, राजकारणात आपल्या माणसांना सांभाळणाराच टिकतो आणि कामे करून दाखवतो, असेही मत मांडले जाते. नेत्याला पाठीराखे हवेत आणि नुसत्या सचोटीने रस्ते, धरणे किंवा शाळा उभ्या राहत नाहीत, एवढे त्यात तथ्य आहे. रामशास्त्र्यांच्या निवाड्याला बारभाईंची जोड लागली, ती याच कारणाने. परंतु वशिल्यावर चालणारे राज्य ज्यांना वगळते, त्यांचा राज्यावरचा विश्वास संपवते. निवडणुकीत हरलेला गट निकाल मान्य करतो, कर भरतो आणि पुढील संधीची वाट पाहतो, कारण सत्ता विरोधकांच्या हाती असली तरी आपले जीवित, मालमत्ता आणि हक्क सुरक्षित आहेत, अशी त्याची खात्री असते. ही खात्री नाहीशी झाली, तर प्रत्येक निवडणूक अस्तित्वाची लढाई होते आणि सर्वांत कार्यक्षम नेत्यालाही मग राज्याच्या नावावर केवळ आपल्या गटाचा कारभार करता येतो.

सारांश, निःपक्षपात ही चांगल्या नेतृत्वाची अट आहे, पण ते त्याचे संपूर्ण स्वरूप नव्हे. साधनांच्या बाबतीत काटेकोर निःपक्षपाती आणि ध्येयाच्या बाबतीत वंचितांचा निःसंकोच कैवारी, असा राज्यकर्ता दुर्मीळ असतो. शाहू महाराजांना जे आज्ञेने करता आले, ते आजच्या नेत्याला मतदारांची समजूत घालून, प्रसंगी त्यांची नाराजी पत्करून करावे लागते, म्हणून त्याची वाट अधिक कठीण आहे. ती सुकर करण्याचे काम शेवटी नागरिकांचेच आहे: नेता आपल्यासाठी काय करतो, एवढेच पाहून मत देण्याऐवजी, आपली बाजू चुकीची असताना तो आपल्याला नकार देऊ शकतो का, हे पाहून त्यांनी त्याची पारख करावी.