खैरियत विचारणारी माणसं

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखाने तीन पाळ्यांत चालतात. कसबा सांगावकडे खोली करून राहणाऱ्या पोरांची गंमत अशी की, एका खोलीत चौघं राहतात. पण चौघं एकत्र जेवायला बसलीत, असं महिन्यातून एखाद्या वेळीच घडतं. एक झोपायला येतो तेव्हा दुसरा डबा घेऊन निघालेला असतो.

माझा एक जुना विद्यार्थी तिथं टर्नर आहे. सेकंड शिफ्ट सुटली की, मध्यरात्री तो मोबाईलवर एका मुलाचा खेळ थेट बघत बसतो. बीजीएमआय. खेळणारा एक, बघणारे चाळीस-पन्नास, आणि बाजूच्या पट्टीत सगळ्यांची लिहालिही.

"तू स्वतः खेळत नाहीस?"

"नाही सर, नुसतं बसतो. सगळे असतात तिथं."

मला हसू आलं. ना नाव ठाऊक, ना तोंड पाहिलेलं, आणि म्हणे 'सगळे'!

मग एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. तो मिरजेला खालाकडे जाऊन पडला. खोलीतल्यांना वाटलं, शिफ्ट बदलली असेल. घरमालकाचा फोन आला तो भाड्यासाठी. आठवड्यानं त्यानं मोबाईलवर मागचा एक खेळ लावला. सुरुवातीलाच तो मुलगा विचारत होता, "आपले टर्नरभाई दिसेनात, कुणाला काही खबर?" खाली पाच-सहा जणांनी तेच विचारलं होतं.

शेजाऱ्याचा हक्क मी दरवर्षी वर्गात शिकवतो. भिंतीला भिंत लागून असेल तो शेजारी, असं सांगत आलो. पण ज्याची गैरहजेरी ज्याच्या ध्यानात येते, त्याचा तो शेजारी, असं म्हटलं तर? माझ्या गल्लीत मी कितीजणांचा शेजारी ठरेन?

अर्थात, तिथंही बाजार आहेच. यूट्यूबवर पैसे भरून पाठवलेला निरोप रंगीत पट्टीत झळकतो, खेळणारा देणाऱ्याचं नाव घेतो. मला उरुसातली कव्वाली आठवली. नोट पुढे करणाऱ्याकडे वळून कव्वाल तीच ओळ पुन्हा गातो. तरी मागं बसलेल्या बिनपैशाच्या माणसाची रात्र वाया जात नाही. खासबागेत १९१२ पासून माणसं कुस्त्या बघताहेत. बघणारा आखाड्यात उतरत नाही म्हणून त्याला कुणी रिकामटेकडा म्हटलं नाही. रिकामटेकडा हा शब्द मी मात्र या पोरासाठी वापरला होता.

माझी खरी शंका दुसरी होती. हे मैदान परक्याचं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पब्जीवर बंदी घातली, ३० ऑक्टोबरला सर्व्हरही बंद झाले. बीजीएमआय आला तो जुलै २०२१ मध्ये.

"मधल्या आठ महिन्यांत तुमचे सगळे कुठं गेले?"

"कुठं जातील? तो लुडो खेळायचा. नाहीतर नुसत्या गप्पा. पुष्कळ गेले, पण वीसेक जण होतो."

खेळ गेला आणि वीस माणसं बसून राहिली! यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निघताना खोलीत कोपऱ्यातल्या गादीवर एक पोरगा तोंडावर चादर घेऊन झोपला होता. फर्स्ट शिफ्टवाला.

"हा कुठला रे?" मी हळूच विचारलं.

तो क्षणभर थांबला. म्हणाला, "जतकडचा असेल बहुतेक, सर."