एकाचं काय करायचं?

भाची इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या पुढच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मामा बारामतीत राहतात. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेत. दोघांचं बोलणं ऐकून मी लिहून काढलंय, थोडं कापून.

भाची : मामा, डाळिंबाच्या रोपांनी मला अडचणीत आणलं.

मामा : का, तेल्या पडला?

भाची : बागेत नाही, वर्गात. पोरं बागायतदारांची, म्हणून मूळ संख्या रोपांवरून शिकवल्या. बारा रोपं सारख्या ओळींत लावा म्हटलं. कुणी दोन ओळी केल्या, कुणी तीन. मग तेरा दिली. एकाच लांब ओळीशिवाय इलाज नाही. सगळ्यांना पटलं. तेवढ्यात एक जण उठला : “मॅडम, एक रोपसुद्धा एकाच ओळीत बसतं. मग १ मूळ का नाही?”

मामा : तू काय म्हणालीस?

भाची : पुस्तकात आहे तेच. १ मूळही नाही, संयुक्तही नाही. शिष्यवृत्ती तोंडावर आलीय, दीड तासात पंच्याहत्तर प्रश्न. तिथं वाद घालत बसायला वेळ कुठला?

मामा : पण पोराचा प्रश्न चोख आहे. १९१४ साली लेमर नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी छापली, तिची सुरुवातच १ पासून. १ ला नंतर माणसांनीच बाहेर काढलं. सांग की त्याला हे.

भाची : सांगितलं तर म्हणेल, मोठ्यांनी बसून ठरवलंय, मग आपणही ५१ ला मूळ ठरवू. पुस्तकात आहे म्हणावं तर गणित म्हणजे हुकूम. माणसांनी ठरवलंय म्हणावं तर मनमानी. यातलं काय शिकवू?

मामा : ५१ रोपं सतरा-सतराच्या तीन ओळींत बसतात, ठराव कुणीही करो. एक रोप कसं लावायचं याबद्दलही कुणाचा वाद नाही. वाद एवढाच, की त्याचं नाव कोणत्या यादीत घालायचं.

भाची : मग घातलं मूळच्या यादीत, तर बिघडतं काय?

मामा : १२ चे मूळ अवयव पाड. २ × २ × ३. आता १ मूळ धर. मग १ × २ × २ × ३ बरोबर, आणि १ × १ × २ × २ × ३ सुद्धा बरोबर. प्रत्येक पोराचं उत्तर निराळं आणि एकही चूक नाही. वह्या कशा तपासशील?

भाची : म्हणजे तपासणाऱ्याची सोय! ‘१ सोडून’ असं म्हटलं तरी भागलं असतं.

मामा : भागलं असतं. पण जवळजवळ प्रत्येक नियमाला ते शेपूट लावत बसावं लागलं असतं.

(इथं मला भाचीचं पटतं. सोयीला सोय म्हणायला गणिताचे मास्तर फार लाजतात.)

भाची : सोयच बघायची तर २ पण काढू. मूळमध्ये एकटाच सम, पोरं तिथंच चुकतात.

मामा : काढून बघ. २ ही संख्याच नाही असं समज. मग ४, ६, ८ फुटतच नाहीत, तीही मूळ झाली. आता २४ फोड.

भाची : ४ × ६. थांबा, ३ × ८ सुद्धा!

मामा : आणि दोन जोड्यांत सारखं काहीच नाही. १ आत घेतला तर नुसती एकं वाढत होती, २ आणि ३ जागेवर होते. २ गेला तर २४ ला एकच एक उत्तर राहत नाही. दोन्ही निर्णय माणसाचेच, पण निर्णयानंतर काय होतं ते आपल्या हातात नाही.

भाची : मग कापरेकरांच्या हर्षद संख्या? त्या तर त्यांनीच ठरवल्या.

मामा : देवळालीच्या शाळामास्तरांनी, हो. अंकांची बेरीज करा, तिनं त्या संख्येला भाग गेला की हर्षद. १२ हर्षद, कारण १ + २ = ३. आता ७ च्या पुढची एखादी मूळ संख्या हर्षद असेल?

भाची : नाही. बेरीज १ पेक्षा मोठी आणि त्या संख्येपेक्षा लहान. तिनं भाग गेला तर ती संख्या मूळ कसली?

मामा : पण आपण दहाऐवजी बाराच्या गटांनी लिहीत असतो तर हर्षदची यादी बदलली असती. तेरा रोपं तेव्हाही एकाच ओळीत लागली असती.

भाची : हे सगळं छान. मला मात्र शंभरपर्यंतच्या २५ मूळ संख्या पाठ करून घ्यायच्यात.

मामा : कशाला? २, ३, ५ च्या कसोट्या येतात ना पोरांना? त्यांतून निसटणाऱ्या संयुक्त संख्या शंभराच्या आत तीनच : ४९, ७७, ९१. फसवतो तो ९१, आणि तोही तेराच्या पाढ्यात बसलेला आहे.

भाची : हे मात्र उद्याच सांगते. त्या पोराला मधल्या सुट्टीत बोलावीन, २४ देईन फोडायला. वर्गात नाही.

मामा : म्हणजे बाकीच्यांनी विचारलं नाही, म्हणून त्यांना हुकूम?

भाची : शिष्यवृत्ती होईपर्यंत, हो. तुम्हाला आता कुणी रिझल्ट विचारत नाही मामा. मला सरपंचापासून सगळे विचारतात.