पुरे इतकं घट्ट

माणसाला निवडीचं स्वातंत्र्य असावं असं जे म्हणतात, त्यांनी तीन कोटेशनं कधी वाचलेली नसावीत. बँकेतल्या माणसाला ती वाचावी लागतात. कर्जाच्या फायलीला तीन दुकानांची तीन कोटेशनं जोडलेली असली, की अर्जदाराने विचारपूर्वक निवड केली असं आम्ही धरून चालतो. खरं म्हणजे निवड आधीच झालेली असते. उरलेली दोन कोटेशनं करवल्यांसारखी शोभेला आलेली असतात.

आखाडा बाळापुरातल्या एका मिस्त्रींच्या फायलीत मात्र तिन्ही नवऱ्याच होत्या. हिंगोली-नांदेड रस्त्यालगत त्यांचं गॅरेज. जीप, कार, हळदीच्या हंगामात टेंपो, अधूनमधून एखादा ट्रक. त्यांना हवी होती चाकाचे नट खोलायची, बॅटरीवर चालणारी गन. पाळण्यातलं नाव 'कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच'. हवेवर चालणारी गनही मिळते; पण तिला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला वीज लागते, आणि वीज स्वतःच्या मर्जीने येते.

"साहेब, तुमी कॉमर्सचे. आकडे तुमाला कळतेत. सांगा, कोणती घेऊ?"

कॉमर्सच्या माणसाला आकडे कळतात या समजुतीवर आजवर अनेकांनी मुलीच्या लग्नाचं बजेट आणि विहिरीची खोली आमच्या गळ्यात मारली आहे. तेव्हा गनही मारली.

पहिल्या कोटेशनात १८ व्होल्ट, दुसऱ्यात २०. दोन जादा म्हणजे दुसरी बरी, असं कुणालाही वाटेल. पण दोन्ही बॅटऱ्यांच्या पोटात लिथियमचे पाचच सेल एकामागे एक जोडलेले. एका सेलचा नेहमीचा व्होल्टेज ३.६ धरला तर १८ होतात आणि काठोकाठ भरल्यावरचा ४ धरला तर २०. म्हणजे एकाने दर्शनी किंमत छापली, दुसऱ्याने तेजीतला बाजारभाव. शेअर तोच!

खरा घोळ पुढच्या आकड्यात होता. ३५०, ७०० आणि १४०० न्यूटन-मीटर. न्यूटन-मीटर म्हणजे पिळण्याचा जोर. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोची पिशवी टांगा. साधारण शंभर न्यूटन-मीटर झाले. गनच्या पोटात एक हातोडा गरगर फिरतो आणि ऐरणीवर मिनिटाला दोन-तीन हजार ठोके घालतो. एकदम मोठा रेटा नाही, नुसते ठोके. त्यामुळे धरणाऱ्याच्या मनगटाला फारसा हिसका बसत नाही आणि वर्षानुवर्षं गंजलेला नट मात्र मुकाट्याने वळतो. थकबाकीच्या वसुलीचं तत्त्व याहून वेगळं नाही.

मिस्त्रींचं मन चौदाशेवर होतं. कारच्या चाकाच्या नटाला शंभराच्या आसपास जोर लागतो, जड ट्रकला सहाशेच्या घरात. आणि ट्रक महिन्याकाठी दोन. "मग चौदाशे कशाला?" मी विचारलं. "असू द्या की. जास्त असलं म्हून कुठं बिघडतंय?"

वाचकहो, सगळं नीतिशास्त्र या एका प्रश्नात आहे. जास्त असलं म्हणून कुठं बिघडतं? गॅरेजमध्ये काहीच बिघडत नाही. बिघडतं ते कळमनुरीच्या अलीकडे, रात्री दहा वाजता. टायर बसलेलं, मुलं मागच्या सीटवर पेंगलेली, आणि घरधन्याच्या हातात गाडीबरोबर मिळालेला फूटभर लांबीचा चाकपाना. साठ किलोचा गृहस्थ त्या पान्याच्या टोकावर अख्खा उभा राहिला, तरी जोर होतो पावणेदोनशेच्या आसपास. बायकोलाही वर घेतली तर साडेतीनशे. आणि नट बसलाय चारशेवर! बाळापुरात एका बोटाने घोडा दाबला, त्याचं उत्तर द्यायला इथे नवरा-बायको पान्यावर उभे आहेत आणि नट ढिम्म. शिवाय अति आवळल्याने बोल्ट ताणला जातो, आटे जातात, ते वेगळंच.

हे मी मिस्त्रींना सांगितलं. त्यावर ते जे बोलले, ते मी पुष्कळ दिवस घोळवत आहे. "साहेब, नट ढिला राहून चाक निखळलं, तर माझं नाव. घट्ट बसून निघालं नाही, तर गिऱ्हाइकाचं नशीब."

याला उत्तर काय द्यावं? ढिलेपणाला जबाबदार माणूस असतो, घट्टपणाला नसतो. म्हणून जग आवळण्याकडे झुकतं. कचेरीत एक दाखला कमी घेतला तर घेणाऱ्यावर ठपका. दोन जादा मागितले तर म्हाताऱ्याला शेवाळ्याहून तीन खेपा. खेपांचा ठपका कुणावर नसतो. शाळा शिस्त आवळते, बाप मुलाला आवळतो, आणि सगळे प्रामाणिकपणे सुरक्षिततेच्या नावाने आवळतात. वाईट असं की त्यांचं खोटंही नसतं. चाक निखळलं तर माणसं मरतात. ढिलं सोडणं हा काही सद्गुण नव्हे.

मग किती घट्ट? माझ्या मते चाक निखळू नये इतकं, आणि ज्याच्यावर खोलायची वेळ येईल त्याच्या हाताला निघावं इतकं. या दोन्हींमधली जागा अरुंद आहे, पण आहे. आणि तिचा आकडा गाडीबरोबरच्या पुस्तकात छापलेला असतो, जे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून कुणी बाहेर काढत नाही.

योगायोग पाहा. या बॅटरीच्या शोधासाठी २०१९ साली ज्या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांतले एक जॉन गुडइनफ. वय वर्षं ९७. इतक्या उतारवयात नोबेल आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही. आणि आडनावाचा अर्थ काय, तर 'पुरे इतकं चांगलं'! असं आडनाव घेऊन माणूस नोबेलपर्यंत जातो, आणि त्याच्या बॅटरीवर चालणारी गन निवडताना आपल्याला चौदाशेही पुरत नाहीत.

शेवटी मिस्त्रींनी ७००ची घेतली. माझ्या तत्त्वज्ञानाने नव्हे. तिच्याबरोबर दोन बॅटऱ्या होत्या म्हणून. एक चार्जिंगला, एक कामाला. मी मात्र यादीत एक ओळ वाढवायला सुचवली: टॉर्क पाना. यात वीज नाही, बॅटरी नाही. आकडा लावायचा, हाताने आवळायचं. आकडा गाठला की तो 'कट्' वाजतो. आवळणाऱ्याला 'आता पुरे' असं वेळेवर सांगणारं हे एकच अवजार माझ्या पाहण्यात आहे. नट आधी बोटांनी लावायचे, गनने हलके टेकवायचे, आणि शेवटचा फेरा समोरासमोरच्या नटांना आलटून पालटून या पान्याने द्यायचा.

"मला नाही लागत," मिस्त्री म्हणाले. "तीस वर्सं झाली, हात जाणतो." मग जरा थांबून, बोनेटखाली डोकं घातलेल्या दोन पोरांकडे पाहत म्हणाले, "पन यांचा हात अजून जाणत नाही. गन हातात आली की जाणनारबी नाही. लिहा एक."

मी लिहिला. पत्रकात सोबत एक सूचना होती, ती त्यांनी पोरांकडून मोठ्याने वाचून घेतली: गाडी शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत. एकदा नीट बसलं म्हणजे कायमचं बसलं, असं नटाच्या बाबतीतही धरता येत नाही.